सोमवारचा भोंगा

मार्च उजाडला की लालबागच्या मिरची गल्लीत डोळ्यांआधी नाक जागं होतं. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी अशी पोती उघडी पडलेली, आत डंकाची धडधड आणि हवेत ठसका. माझी आई या गल्लीतल्या एका दुकानाची मिरची घरी आणून देठं काढायची. खरी बेडगी सुरकुतलेली असते, गडद लाल आणि तिखटाला बेताची. जुन्या मालाला तेलाचा हात फिरवून कुणी चमक आणली असेल, तर आई मूठभर मिरची कागदात दाबून धरायची आणि कागदावर डाग उमटतो का बघायची. तयार पूड तिने घरात कधी येऊ दिली नाही. ‘कुटल्यावर काय कळणार?’ म्हणायची. जे तपासायचं ते अख्खं असताना.

माणसांच्या बाबतीत ही नजर तिला यायला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षाची किंमत आमच्या घराने मोजली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तोवर लालबाग-परळला घड्याळाची गरज नव्हती. भोंगा झाला की पाळी बदलायची, दूध तापायचं, पोरं शाळेला निघायची. तो आवाजच थांबला. आमच्या शेजारचे एक काका वडिलांबरोबर साचेखात्यात होते. संप लांबत गेला तसे ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून, डबा घेऊन बाहेर पडू लागले. संध्याकाळी भारतमाता सिनेमाच्या नाक्यावरून परतले की जिन्यातूनच हाक, ‘वहिनी, चहा टाका. बोलणी झालीत. सोमवारी भोंगा वाजणार!’

सोमवार यायचा आणि जायचा. भोंगा वाजायचा नाही. पण काकांकडे पुढचा सोमवार तयार असायचा.

खोट्यासाठी आमच्या चाळीत शब्द पुष्कळ होते. पुडी सोडणं वेगळं, बंडल मारणं वेगळं, टोपी घालणं तर फारच वेगळं, कारण त्यात समोरच्याचे पैसे जातात. काकांनी कुणाचा पैसा घेतला नाही. त्यांची थाप लोणकढी होती, नुकत्या कढवलेल्या तुपासारखी ताजी. म्हणून तर ती गळ्याखाली सहज उतरायची. त्याच सुमारास वडिलांना ठाण्याच्या एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी मिळत होती. त्यांनी नाही म्हणून कळवलं. चार दिवसांवर सोमवार आला होता. ती जागा पुन्हा मिळाली नाही.

मी पुढे कितीदा आठवून पाहिलं, काकांच्या चेहऱ्यावर काही दिसत होतं का? खोटं बोलणारा नजर चुकवतो, अडखळतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. काका तर डोळ्यांत डोळे घालून बोलत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ साली दोनशेहून अधिक संशोधनांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखणाऱ्यांचे अंदाज शंभरात ५४ वेळा बरोबर निघाले. नाणं उडवल्यावर पन्नास. हा आकडा वाचला तेव्हा वडिलांवरचा माझा जुना राग बराच निवला.

खूण चेहऱ्यात नव्हती, बातमीत होती. काकांच्या प्रत्येक बातमीला वार असे, वेळ असे, मंत्र्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाजसुद्धा असे. नसायचा तो फक्त आपल्याला जाऊन विचारता येईल असा माणूस. सोमवार फुकट गेला की दोष दिल्लीचा, मालकाचा, कुणा तिसऱ्याचा. आणि आम्हाला ती बातमी हवी होती, हे सगळ्यात मोठं. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही, त्यामुळे आशेला दार बंद झालेलं नव्हतं. त्या उघड्या दारातून काका रोज आत येत.

एकही शब्द खोटा न बोलता फसवता येतं, हे गिरणगावाने नंतर पाहिलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक पालिकेचा, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी तर शेडखाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. मला काकांच्या शंभर सोमवारांपेक्षा ‘मोकळी’ हा एक शब्द जास्त क्रूर वाटतो. काका निदान स्वतःही त्या सोमवारची वाट बघत होते.

आईने त्यांना कधी चारचौघांत खोटं पाडलं नाही. काकूंचं तोंड तिला रोज बघायचं होतं. तिने फक्त विचारायला सुरुवात केली. ‘कोण म्हणालं, भावोजी?’ आणि लगेच, ‘तुमच्या कानांनी ऐकलंत?’ आवाज न चढवता, चहा गाळता गाळता. आठवड्याने तीच बातमी ती पुन्हा विचारायची, मधूनच कुठून तरी, आणि आधीचा मंत्री बदललेला असायचा. काका चिडायचे. दोन-दोन दिवस यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी यायचे. चहा मिळायचा, वडिलांपुढे मात्र ती बातमी आता टिकत नव्हती.

१९८३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते डबा तसाच भरलेला घेऊन आले. सोमवारचं म्हणाले. आईने विचारलं, ‘कोण म्हणालं, भावोजी?’

काका बराच वेळ उंबऱ्याशी उभे राहिले. मग म्हणाले, ‘कोणी नाही, वहिनी. राणीच्या बागेत बसून असतो.’

आईने समोरची मिरचीची परात थोडी त्यांच्याकडे सरकवली. काका खाली बसले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि एकेक देठ मोडू लागले. थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘तो हात डोळ्यांना लावू नका हं.’