दहा तारखेची चिठ्ठी



बावीस वर्षे कारखान्यात मी पगारपत्रके लिहिली. माणूस बोलला नाही तरी त्याचा आकडा बोलतो. आमच्या एका सहकाऱ्याची दर महिन्याच्या दहा तारखेलाच उचलीची चिठ्ठी येऊ लागली. पतसंस्थेचे एक कर्ज फिटण्याआधी दुसऱ्याचा अर्ज. विचारले की म्हणायचा, "आईचे आजारपण." गळ्यात तुळशीची माळ, आमच्या दिंडीची भिशीही त्याच्याकडेच. मी तीनदा हातउसने दिले, एकदा जामीन राहिलो. त्यालाच दया समजलो.

वारीला आठ दिवस उरले आणि भिशीचे अठरा हजार जागेवर नव्हते. मोबाईलवरच्या रमीत गेले होते. "गेलेले परत मिळवायला खेळत गेलो," एवढेच तो बोलला.

कोणी म्हणाले, कामावरून काढा. कोणी म्हणाले, वर्गणी काढून भरून टाकू. मला धर्मराज आठवले. द्यूतात गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले, तरी ते पुन्हा पटावर बसलेच. नुसते कर्ज फेडल्याने खेळ सुटत नाही.

आमच्या साहेबांनी मधली वाट काढली. रोख पैशाचे काम काढून घेतले, नोकरी ठेवली. नवी उचल बंद. त्याच्या संमतीने पगार नवरा-बायकोच्या जोडखात्यात. भिशीची रक्कम लहान हप्त्यांनी त्यानेच फेडायची. जागतिक आरोग्य संघटना या व्यसनाला आजार मानते, म्हणून सरकारी रुग्णालयात मानसोपचारासाठी सुट्टी. आणि खात्यात कुजबुज नाही.

मध्ये एकदा तो घसरला. पण या वेळी लपवले नाही, स्वतः येऊन सांगितले. माझ्या लेखी तोच पहिला विजय.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बरे झाले. पण जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, तरी मटका चाललाच.

दिंडीत कोणाचे पाय सुजले तर आपण त्याला हाकलत नाही आणि खांद्यावर घेऊन पंढरपूरही गाठत नाही. पायाला तेल लावतो, सोबत थांबतो, चालायचे त्यालाच असते.

माउली, तुमच्या कचेरीत दहा तारखेची चिठ्ठी आली तर खिशात हात घालण्याआधी शेजारी बसवून विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही हाती द्या. मी हे तीन उसन्यांनंतर शिकलो.