संगणकाची निद्रा

झांकण मिटलें म्हणजे संगणक विझला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो निजतो. लिनक्सच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलांत, निजण्याचाहि क्रम आहे: आधीं चालू कार्यक्रम थिजतात, मग कळफलकासारखीं आश्रित उपकरणें, त्यांमागून त्यांचे नियंत्रक; उठतांना क्रम उलट. थोरांनीं आधीं उठावें, हें आम्हांस घरंदाज वाटतें. जागी राहते ती स्मृति, तीहि घोटभर विजेवर. पेणहून रोह्यास जातांना नागोठण्याच्या सुमारास आमचें यंत्र, कोणत्या इशाऱ्यानें कोण जाणे, पिशवींतच जागें होऊन तापलें. न साठविलेलीं चार पानें आंत होतीं; बॅटरी आटती, तर तीं गेलींच असतीं! स्मृतीची प्रत डिस्कवर लिहून निजणारें यंत्र उठावयास वेळ लावतें खरें. पण विजेवांचून त्याचें अडत नाहीं. लांबच्या वाटेस आम्ही तेंच पत्करतों.