फिका गुरू

माझी दुर्बीण मी सहा वर्षं शाळेतल्या मुलांना दाखवली नव्हती. कोणी विचारलं असतं तर नाजूक वस्तू आहे, आरसा हलतो, असं काहीबाही सांगितलं असतं. खरं कारण सांगायला लाज वाटते. मला वाटायचं, या मुलांना खरा गुरू पुरणार नाही.

मी डहाणूचा. नोकरी तलासरीच्या बाजूला, धुंदलवाडीच्या अलीकडे एका पाड्यावर. वर्गाच्या भिंतीवर मी गुरूचं भलंमोठं चित्र लावलं होतं, जूनो यानाने काढलेलं. निळे-केशरी भोवरे, संगमरवरी कागदावर असतात तशी वळणं. ते रंग मुद्दाम गडद केलेले आहेत हे मला माहीत होतं. यानाच्या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं सगळ्यांसाठी खुली असतात. जगभरचे हौशी लोक ती घेऊन बसतात आणि ढगांमधले बारीक फरक उठून दिसावेत म्हणून रंग चढवतात. त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी माझी होती. मी मुलांना एवढंच सांगितलं, "हा गुरू." आधीच यांच्या वाट्याला फिकं खूप आहे, आभाळ तरी झगमगीत असू दे, असा माझा उदार विचार. या उदारपणात तुच्छता किती होती, ते तेव्हा दिसलं नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे जमीन हलू लागली. आधी जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ला दिवसभर धक्के बसत राहिले, त्यातला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा. लोक थंडीत तंबूंत, ताडपत्रीखाली झोपू लागले. "लहान धक्के बसले की मोठा टळतो," असं मी घरोघर सांगत फिरलो. याला काही आधार नाही, पण ऐकायला बरं वाटतं. दुर्बीण मात्र घराखाली गाडली जाईल या भीतीने खोक्यासकट बाहेर आणून माझ्या तंबूत ठेवली.

ते खोकं मुलांनी पाहिलं. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहाटे साडेपाचला पूर्वेकडे शुक्राची चांदणी होती, तिच्या वर गुरू आणि गुरूच्या पलीकडे तांबूस ज्येष्ठा. साडेचार इंची आरशाच्या दुर्बिणीत गुरू मसुरीच्या दाण्याएवढा दिसतो. दुधी तबकडी, तिच्यावर दोन फिक्या तपकिरी रेघा, बाजूला एका ओळीत त्याच्या चंद्रांचे ठिपके. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही खट्टू झालो होतो. ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

सातवीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "गुरुजी, हा तो नाय."

माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. नीट बघ, श्वास रोखून बघ, असं ओठांवर आलंही होतं. ती पुन्हा वाकली आणि डोळा न काढता म्हणाली, "गेरू संपत आला ना, का कुडावर असाच लागतो. मग त्या चित्रात रंग कोनी भरला?"

सहा वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरत होतो, तो एवढाच होता. तिच्या आवाजात निराशा शोधायचा मी प्रयत्न केला. मला ती हवीच होती बहुतेक, माझं म्हणणं खरं ठरलं असतं. पण तिला फक्त माहिती हवी होती. कूड सारवणाऱ्या घरातली मुलगी. गेरू कुठे दाट लागला आणि कुठे पातळ, हे तिच्या डोळ्यांना रोजचं. फिकं म्हणजे कमी, हे समीकरण माझं होतं, तिचं नव्हतं.

मग मी सांगत सुटलो. रंग कोणी भरला, का भरला. पांढऱ्या पट्ट्यांवर अमोनियाच्या बर्फाचे उंच ढग असतात. तो थर जिथे विरळ होतो तिथे खालचं तपकिरी दिसतं. सारवण पातळ झालं की आतला कूड दिसतो तसंच. उपमा तिचीच, मी फक्त आत अमोनिया घातला. दहा तासांच्या आत गुरू स्वतःभोवती फिरतो, म्हणून ढगांचे असे पट्टे ओढले जातात, हेही सांगितलं.

"आनि चित्रातला तो लाल डाग?" एका मुलाने विचारलं. "तो लाल का?"

वादळ आहे, आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढं, इथपर्यंत सोपं होतं. लाल का, याचं एक गुळगुळीत उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "अंदाज आहेत. नक्की अजून कोणालाच सांगता येत नाही."

मुलगा थोडा थांबला. "आनि जमीन हलते ती?"

"मोजायची यंत्रं बसवलीत. पण मोठा धक्का येईल की नाही, ते कोणालाच सांगता येत नाही."

शेजारच्या ताडपत्रीखालून त्याच्या आजीने डोकं वर काढलं. ती जागीच होती. "मंग मोठा टलतो म्हनलात ते?"

"ते चुकीचं सांगितलं, आजी."

"मला वाटलाच," असं म्हणून तिने गोधडी पुन्हा डोक्यावर ओढली. आतून आवाज आला, "तुमी पन बाहेरच झोपता."