होबोकेनचा रंगारी आणि आमची भिंत

न्यूयॉर्कसमोर, नदीपलीकडे असलेल्या आमच्या जर्सी सिटीला लागूनच होबोकेन आहे. १९२६ साली तिथे बावीस वर्षांचा एक डच तरुण घरं रंगवायच्या कामाला लागला. रॉटरडॅमहून बोटीत लपून आलेला, जवळ कागदपत्रं नाहीत, इंग्रजीची बोंब. त्याचं नाव विलेम डी कूनिंग. पुढे पंचवीसेक वर्षांत न्यूयॉर्कच्या ज्या चित्रकारांनी पॅरिसचं पुढारपण काढून घेतलं, त्यांच्या पहिल्या फळीत हा रंगारी होता. त्याच फळीतला मार्क रॉथको दहा वर्षांचा असताना आजच्या लाटव्हियातून आला होता. आर्शिल गॉर्की आर्मेनियन, तिकडच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेला. त्यांच्या अमूर्त शैलीचं ॲबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम हे भारदस्त नाव बाजूला ठेवलं तर ही बरीचशी बाहेरून आलेल्या माणसांची, स्वस्त भाड्याच्या खोल्यांत केलेली चित्रं आहेत. त्यातल्या कित्येकांवर हार्डवेअरच्या दुकानातला भिंतींचा रंग आहे. त्यामुळे मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी या चित्रांना ‘श्रीमंतांची थेरं’ म्हणालं की मी होबोकेनकडे बोट दाखवते. आज ती चित्रं अब्जाधीशांकडे आहेत हे खरं, पण तो दोष रंगाऱ्याचा नव्हे.

जर्नल स्क्वेअरहून पाथची गाडी पकडून तेहतिसाव्या रस्त्यावर उतरायचं आणि वीस रस्ते चालत गेलं की मोमा, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. तिकीट तीस डॉलर. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना दर शुक्रवारी संध्याकाळी फुकट. आम्ही नदीपलीकडचे, आम्हाला नाही. त्याच पहिल्या फळीतल्या जॅक्सन पोलॉकचं ‘वन’ हे सतराएक फूट लांबीचं चित्र तिथे आहे आणि त्याच्यासमोर गर्दी असते. मला त्याच संग्रहातलं ‘फुल फॅदम फाइव्ह’ जास्त आवडतं. ते १९४७ सालचं, जेमतेम सव्वाचार फूट उंच, अडीच फूट रुंद, म्हणजे घरात मावेल असं. जवळ जाऊन पाहिलं की हिरव्या-काळ्या रंगाच्या थराखाली खिळे, बटणं, नाणी, सिगारेटी, एक किल्ली असं काय काय चिकटलेलं दिसतं. खणातला राडा उपसून ओतावा तसं. पण दोन पावलं मागे सरकलं की तो राडा नाहीसा होतो आणि उरतं खोल पाणी. हे पुढे जाणं, मागे येणं म्युझियममध्ये कितीदा करणार? मागे माणसं फोन घेऊन खोळंबलेली असतात.

अमूर्त चित्राचा अर्थ विचारला की आपल्या मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: आलापाला कुठे अर्थ विचारतो आपण? ऐकायला छान वाटतो, पण मला तो पटत नाही. यमन सुरू झाला की तीव्र मध्यम कुठे येणार हे आपल्या कानाला ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं व्याकरण पाठीशी असतं. या चित्रांचं तसं नाही. इथे प्रत्येक चित्र आपलं व्याकरण स्वतःच तयार करतं आणि ते शिकायला त्याच्या शेजारी राहावं लागतं. दहा मिनिटं टक लावून बघितल्याने ते येत नाही. येता-जाता, चहा पिता-पिता, फोनवर बोलता-बोलता डोळ्यांत मुरतं. म्हणूनच मला वाटतं, अमूर्त चित्राची खरी जागा घरात आहे.

पोलॉकचं पहिलं मोठं चित्र, ‘म्यूरल’, हे घरासाठीच झालं होतं. पेगी गुगनहाइम या संग्राहक बाईंनी १९४३ मध्ये आपल्या मॅनहॅटनच्या घराच्या प्रवेशदालनासाठी ते काढवून घेतलं, वीस फूट लांबीचं. कलावंत मार्सेल द्यूशाँचा सल्ला होता की थेट भिंतीवर नको, कॅनव्हासवर काढू दे, म्हणजे हलवता येईल. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुणालाही पटेल असा सल्ला! चित्र पुढे आयोवाच्या विद्यापीठाला मिळालं.

आमच्या घरी असलेलं चित्र एवढं थोर नाही. जर्सी सिटीत दर शरदात स्टुडिओ टूर असते. जुन्या गोदामांतले चित्रकार दारं उघडी ठेवतात आणि कुणीही आत शिरावं. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या खोलीत ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. तीन फूट बाय चार फूट, करड्या रंगाचे रुंद फटकारे, खालच्या कोपऱ्यात गेरूसारखा एक डाग. नवऱ्याने किंमत ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी सोन्याच्या दुकानातही पाहिलेली नाही. बाईंनी हप्त्याने द्या म्हटलं. निघताना त्यांनी चित्र उलटं करून मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने बाण काढला: ही बाजू वर.

त्या बाणाचा फार उपयोग होतो. घरी येणारा दुसरा-तिसरा पाहुणा ‘वहिनी, उलटं नाही ना लागलं?’ असं विचारतोच. मी शांतपणे सांगते की अमूर्त चित्रकार माँड्रियानचं एक चित्र जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात कित्येक दशकं उलटं टांगलेलं आहे अशी चर्चा २०२२ साली झाली, आणि आता सरळ करायला जावं तर इजा होईल म्हणून ते तसंच ठेवलंय. पाहुणे खूश होतात. मग ते चित्राकडे जरा नीट बघतात, हा त्यातला फायदा.

टांगण्याचं म्हणाल तर इथल्या घरांच्या भिंती विटांच्या नसतात. जिप्समच्या तक्त्याआड पोकळी असते आणि साधारण दर सोळा इंचांवर उभं लाकूड. ते लाकूड ठोकून-ठोकून शोधायचं आणि स्क्रू त्यातच घालायचा, नाहीतर रात्री चित्र खाली. उंचीचा इथल्या गॅलऱ्यांचा नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर हवा. आम्ही तो पाळला नाही. गॅलरीत माणसं उभी असतात. आमच्या घरी रविवारचे पोहे सतरंजीवर बसून खाल्ले जातात. रॉथकोलाही आपली चित्रं खाली, जमिनीजवळ लावलेली हवी असत. म्हणून आमचं हातभर खाली आहे. सोफ्याच्या रंगाशी ते मुळीच जुळत नाही, आणि जुळवू नये असं माझं ठाम मत आहे. जुळलेलं चित्र आठवड्याभरात पडद्यासारखं दिसेनासं होतं.

उन्हाचं मात्र जपायला हवं. रॉथकोने हार्वर्डसाठी केलेली चित्रं १९६४ साली तिथल्या एका भोजनकक्षात लागली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. त्यातला लिथॉल रेड नावाचा लाल रंग उडत गेला आणि पंधराएक वर्षांत चित्रं उतरवून आत ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा प्रोजेक्टरने त्यांच्यावर हरवलेल्या रंगाचा प्रकाश टाकला होता. ब्रश लावलाच नाही. आम्ही खिडकीसमोरची भिंत सोडून आडोशाची घेतली ती यामुळे. तिथे हिवाळ्यात साडेचारच्या सुमाराला तिरपा उजेड येतो आणि त्या करड्याखालून एक लाल रेघ वर येते, इतर वेळी जिचा पत्ता नसतो. फटकाऱ्याच्या कडेला ब्रशाचा एक केस रंगात अडकून वाळलाय, तोही तेव्हाच दिसतो. पिवळ्या बल्बखाली हे सगळं मातकट होतं, म्हणून दिवाही बदलला.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनी अर्थबिर्थ काही विचारला नाही. ‘अगं, हे पुसायचं कशानं?’ मला तो प्रश्न आवडला. जाड रंगाच्या कडांवर धूळ बसतेच आणि काच लावावी तर चित्र आरशासारखं चमकतं. उत्तर असं, की ओलं फडकं अजिबात नाही. मऊ कोरडा ब्रश, तोही अलगद. त्या राहिल्या तेवढे दिवस ते काम त्यांनीच केलं आणि जाताना ‘तो गेरूचा डाग बरा आहे, बाकी करडं जास्तच झालंय’ असं मत देऊन गेल्या. समीक्षा म्हणून ती वाईट नाही.

हे चित्र बघताना मला आपले चित्रकार गायतोंडे आठवतात. वासुदेव गायतोंडे नागपूरचे, गोव्याच्या घरातले, मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे. १९६४ साली ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आले. त्याआधीच मोमाने त्यांचं चित्र घेतलं होतं. ब्रशापेक्षा रोलर आणि सुरी हाती धरून हा माणूस वर्षाकाठी मोजकीच चित्रं करी. २०१४ मध्ये गुगनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या पुढे गेलं होतं. पण ते दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे बरसातीत, राहत होते तेव्हा ती चित्रं कुणाच्या तरी साध्या भिंतीवर जाऊ शकत होती, आणि घेणारे थोडे होते.

परवडत नाही म्हणणाऱ्यांना मी न्यूयॉर्कच्याच हर्ब आणि डोरोथी व्होगेल या जोडप्याचं सांगते. तो टपालखात्यात कारकून, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चाले, त्याच्या पगारात चित्रं येत. अट एवढीच की खिशाला झेपावं आणि घरात मावावं. एका बेडरूमच्या घरातून त्यांचा संग्रह अखेर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे गेला तेव्हा ट्रकच्या ट्रक भरले.

तेव्हा रॉथकोचं पोस्टर मागवू नका. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फूटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, तिथे थांबा. एखादं आवडलं तर छोटंच घ्या, आणि घेताना रंग कोणते वापरलेत, ऊन किती सोसतील आणि वरची बाजू कुठली एवढं विचारून घ्या.