जिथे फुटाचा होतो इंच!

मुलांनो, वीतभरसुद्धा उंची नसलेले क्रिकेटपटू, तुमच्या कमरेला लागणारी घरं आणि त्या घरांमधून धडधडत जाणारी आगगाडी! असं गाव खरंच आहे बरं का! लंडनच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर बेकन्सफील्ड नावाचं शहर आहे. तिथे एका बागेत हे चिमुकलं गाव वसलंय. त्याचं नाव बेकनस्कॉट.

या गावाची जन्मकथा मजेदार आहे. रोलंड कॅलिंगहॅम नावाचे एक हिशेबनीस होते. त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं भारी वेड. घरभर रूळ! शेवटी त्यांच्या पत्नी वैतागल्या आणि म्हणाल्या, एक तर ही गाडी घराबाहेर जाईल, नाहीतर मी, असं सांगतात. गाडी निमूटपणे बागेत गेली! मग कॅलिंगहॅमसाहेब आणि त्यांचे माळी टॉम बेरी कामाला लागले. पोहण्याच्या तलावाचा समुद्र झाला, दगडगोट्यांचे डोंगर झाले, काठाने घरं उभी राहिली. ४ ऑगस्ट १९२९ रोजी हे गाव लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे बंदर आहे, कोळशाची खाण आहे, प्राणिसंग्रहालय आहे. मुख्य स्टेशनाचं नाव मेरीलू. लंडनच्या मेरिलिबोन आणि वॉटर्लू या दोन स्टेशनांची नावं जोडून ते केलंय.

आता जरा गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे! या गावाचं प्रमाण आहे एकास बारा. म्हणजे खरा एक फूट इथे एक इंच. साडेपाच फुटांचा माणूस इथे साडेपाच इंचांचा. बारा फुटांची भिंत बारा इंचांची. घर बांधणाऱ्याचं काम सोपं झालं, मोजायचं आणि कापायचं.

पण झाडांना हे गणित कोण शिकवणार? हिरवळीवरचं गवत दोन इंच वाढलं, की त्या गावाच्या मापाने ते दोन फूट झालं. बिचारे क्रिकेटपटू गुडघ्याच्या वर गवतात! चेंडू सापडायचा कसा? आपल्याकडचं पिंपळाचं पाच इंचांचं पान तिथे लावलं, तर ते बाहुल्याच्या खांद्यापर्यंत येईल. पान काही कापून लहान करता येत नाही. म्हणून तिथे मुळातच बारीक पानांची, हळू वाढणारी झाडं निवडावी लागतात आणि त्यांचे शेंडे सारखे छाटावे लागतात. तेव्हा कुठे ते झुडूप मोठ्या वृक्षासारखं दिसतं.

म्हणजे या गावाला दोन कारागीर हवेत. एक घरं बांधणारा, एक माळी. दोघांचा मेळ बसतो तो ऋतूंमुळे. हिवाळ्यात तिकडे दिवस लहान, थंडी कडाक्याची. झाडं झोपलेली असतात आणि गावही पाहुण्यांसाठी बंद असतं. तेव्हा घरांची डागडुजी करायची, रंग द्यायचा. साधारण फेब्रुवारीत फाटक उघडतं आणि थोड्याच दिवसांत वसंत येतो. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर जसं सगळीकडे हिरवं-हिरवं होतं, तसं तिकडे वसंतात होतं. अर्धवट रंगवलेलं घर टेबलावर महिनाभर थांबेल. गवत मात्र एक दिवससुद्धा थांबत नाही! म्हणून ऊन पडलं की आधी बाग, पाऊस आला की घरकाम, हा हिशेब बरा.

तुमच्यापैकी अनेकांनी ‘फेमस फाइव्ह’ची पुस्तकं वाचली असतील. ती लिहिणाऱ्या एनिड ब्लायटन १९३८ पासून याच बेकन्सफील्डमध्ये राहत होत्या. त्यांच्या घराचं नाव ‘ग्रीन हेजेस’, म्हणजे हिरवी कुंपणं. १९६८ मध्ये त्या गेल्या आणि १९७३ मध्ये ते खरं घर पाडलं गेलं. पण त्याची छोटी प्रतिकृती बेकनस्कॉटमध्ये उभी आहे. आता सांगा, नुसतं घर जपलं आणि कुंपण वाळू दिलं, किंवा घराच्या छपरावर जाऊ दिलं, तर त्याला ‘ग्रीन हेजेस’ म्हणता येईल का? मोठं घर गेलं, छोटं राहिलं. ते रंगाच्या ब्रशइतकंच माळ्याच्या कात्रीमुळेही राहिलं.

असलं गाव आपणही करतोच की, दिवाळीत! किल्ल्यावर आपण मोहरी, अळीव पेरतो. भाऊबीजेपर्यंत ते इतकं वाढतं, की महाराजांच्या सिंहासनासमोर जंगल उभं राहतं आणि मावळे दिसेनासे होतात. या वर्षी एक गंमत करून बघा. आधी तुमचा मावळा फूटपट्टीने मोजा. दरवाजा त्याच्यापेक्षा उंच ठेवा. बुरूज आणि तटबंदी पेरणीच्या आधीच पुरी करा. सदरेजवळ शेवाळ लावा, अळीव मागच्या डोंगरावर पेरा. आणि रोज सकाळी फराळाच्या आधी, छोटी कात्री घेऊन किल्ल्यावर एक फेरी मारा. कात्री चालवताना आई-बाबांना जवळ बसवा. त्यांनाही किल्ला करायचा असतोच, फक्त ते बोलून दाखवत नाहीत!