आधी निकाह की आधी एक्स-रे?

मालेगावात खोकल्याला कुणी आजार मानत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली आमची घरं. घसा धरला की 'रुई गेली असेल' म्हणायचं आणि कामाला लागायचं. त्यामुळे खरा आजार त्या रुईआड लपून राहतो.

भाईजानच्या मुलीला तर खोकलाही फारसा नव्हता. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, जेवण जात नव्हतं, बांगड्या सैल झाल्या होत्या. नुकताच रिश्ता ठरला होता. आम्ही दोघांनी छातीच्या एक्स-रेचं नाव काढताच भाभी घाबरल्या. "निकाह होऊ द्या, मग बघू. बात बाहेर गेली तर?" आम्ही म्हणालो, "भाभी, आजार काय निकाहची तारीख बघून थांबणार आहे?" दुसऱ्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

फुप्फुसांत हवा असते, म्हणून एक्स-रेत ती काळी दिसतात, हाडं पांढरी. तिच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढुरका डाग होता. नुसत्या डागावरून टीबी ठरत नाही, जुना व्रण किंवा न्यूमोनियाही तसा दिसू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मग बलगम तपासलं. टीबीच निघाला.

खोकला नाही म्हणजे टीबी नाही, हा समज किती घातक! २०१९ ते २०२१ मध्ये देशात झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात जे रुग्ण सापडले, त्यांतले सुमारे ४२ टक्के एक्स-रे नसता तर निसटले असते.

आपल्या बायका एक्स-रेला कचरतात, ते पडद्यामुळे. साधे सुती कपडे अंगावर ठेवून एक्स-रे काढता येतो. धातूचा ताविज, साखळी, ओढणीच्या पिना तेवढ्या काढाव्या लागतात, कारण त्यांची सावली फोटोत उमटते. महिला कर्मचारी मागायला संकोच नको. दिवस गेले असतील तर मात्र आधी सांगायलाच हवं. किरणांचं प्रमाण फार थोडं असतं.

भाभींची भीती खोटी नव्हती. आम्ही मुलाच्या घरी खरं तेच सांगितलं आणि रिश्ता तुटला. भाभी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. पण सहा महिने मोफत औषध चाललं, पोषणासाठी सरकारचे महिना हजार रुपये खात्यात आले, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आज मुलगी ठणठणीत आहे, अल्हमदुलिल्लाह. रिश्ता गेला, मुलगी राहिली.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत जाणारं वजन, यांतलं काहीही घरात दिसलं तर दुआ जरूर करा, पण दवाखान्यातही जा. इलाज करणं तवक्कुलच्या आड येत नाही. आणि ज्यांच्या घरी सून येणार आहे त्यांना एवढंच सांगणं: टीबी बरा होतो. जी मुलगी खरं सांगते, तिला नाकारू नका.