अतिविषाचे माहेर



बाळगुटी माहीत नाही असे घर आपल्या भेस्तानात क्वचितच सापडेल. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आपली माणसे मिलच्या आणि लूमच्या कामासाठी सुरतेला आली, तेव्हा सामानात सहाण आणि गुटीची पुरचुंडीही आली. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ आणि त्यातच एक छोटासा, पांढुरका, चवीला कडूजहर असा तुकडा, म्हणजे अतिविष. आजी त्याचे एक-दोन वेढेच उगाळते. (आजकाल डॉक्टरांना विचारल्याशिवाय तान्ह्या बाळाला काहीही देऊ नये, हे मुख्याध्यापिका म्हणून मला सांगितलेच पाहिजे.)

हे जिन्नस कुठून येतात, असे मी आठवीच्या वर्गात विचारले. उत्तर आले, "मॅडम, गांधीच्या दुकानातून!" उत्तर खोटे नाही. पण हिरडा आपल्या सह्याद्रीत मिळतो, मुरुडशेंग सातपुड्याच्या रानातही मिळते, हळकुंड तर शेतातले. अतिविषाचे गाव मात्र फार दूर आहे. जिथे एकही झाड उगवत नाही, अशा हिमालयाच्या उंच कुरणांत ते वाढते. भूगोलाच्या भाषेत त्या प्रदेशाला पर्वतीय टुंड्रा म्हणतात. टुंड्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस्किमो आणि रेनडियर येतात. पण टुंड्रा आपल्या देशातही आहे. हरिद्वारपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेले की दोन-तीन दिवसांत तिथे पोहोचता येते.

२०२३ च्या मे महिन्यात मी आणि माझ्या जाऊबाई तुंगनाथाला गेलो होतो. हेतू दर्शनाचाच होता. रुद्रप्रयाग, ऊखीमठ करत गाडी चोपत्याला पोहोचते. तिथून सुमारे साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट चढते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खेचरे आहेत. सुरुवातीला दाट जंगल लागते. त्यात खरसू नावाचा पहाडी ओक आणि बुरांस. बुरांसाची लाल फुले बहुतेक गळून गेली होती. जसजसे वर जावे तसतशी झाडे ठेंगणी होत जातात. शेवटी सेमरू नावाची बुरांसाचीच एक झुडपी जात तेवढी उरते. दरवर्षीच्या बर्फाच्या भाराने तिच्या फांद्या उताराकडे वाकलेल्या असतात. आणि मग झाडे एकदम संपतात. पुढे नुसते गवत, खडक आणि आकाश.

माझे कॉलेज बऱ्हाणपूरला हिंदी माध्यमातून झाले. तिथल्या पुस्तकात 'वृक्ष रेखा' असा शब्द होता आणि नकाशावर ती रेघ मी कितीदा तरी काढली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० मीटर उंचीवर ती खरोखरची रेघ माझ्या पायाखाली होती. एक पाय जंगलात आणि एक पाय टुंड्रात ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले. जाऊबाईंना वाटले मला दम लागला आहे. तोही लागलाच होता.

झाडे का संपतात? मुलांनो, हिशेब सोपा आहे. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आपली सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम १३ मीटरवर आहे, तर तुंगनाथाचे मंदिर ३६८० मीटरवर. म्हणजे फरक सुमारे २४ अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३६ वर असताना तिथे दुपारी १२ च्या आसपास, आणि रात्री त्याहून बराच खाली. वर्षातले पाच-सहा महिने जमीन बर्फाखाली असते. उरलेल्या दिवसांत उंच झाडाला नवे लाकूड तयार करण्याइतकी ऊब मिळत नाही, कारण त्याचा शेंडा थंड हवेत असतो. वीतभर रोपाचे तसे नाही. ते उन्हाने तापलेल्या मातीला चिकटून बसते, आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते. तिथे ठेंगणे असणे हाच फायदा आहे.

हवाही विरळ. तिचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशापेक्षा थोडा कमीच. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. ऊन मात्र प्रखर. थंडीने कुडकुडत असतानाच जाऊबाईंच्या नाकाची साल निघाली! हिवाळ्यात मंदिरही बंद होते आणि देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठ गावी नेतात.

या कुरणांना गढवालमध्ये बुग्याल म्हणतात. तिथली बहुतेक रोपे बहुवर्षायू असतात. एका उन्हाळ्यात रुजून, फुलून, बी धरण्याइतका वेळच नसतो. त्यामुळे ती वर थोडी आणि जमिनीत जास्त अशी वाढतात. सगळी पुंजी मुळात. पुष्कळांच्या फुलांच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार होऊन बर्फाखाली वाट पाहत असतात. म्हणूनच बर्फ वितळताच फुले दिसतात. आम्हाला बर्फाच्या एका मळकट ढिगाला लागूनच जांभळ्या प्रिम्युलाचे गोल गुच्छ दिसले.

जाऊबाईंना ब्रह्मकमळ पाहायचे होते, पण ते जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलते. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण गॅलरीत पान लावून वाढवतो आणि रात्री फुलले की शेजाऱ्यांना बोलावून आरती करतो, ते ब्रह्मकमळ मुळात मेक्सिकोकडचे निवडुंग आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले. त्याच्या फुलांभोवती फिकट, कागदासारखी पातळ पाने असतात. ऊन आत येते, वारा येत नाही, म्हणजे झाडाने स्वतःच बांधलेले काचघर. आणखी वर फेनकमळ होते. त्याने तर अंगभर कापसासारखी लोकर पांघरलेली असते. आमच्या आरतीला कमीपणा नाही, पण नाव एक म्हणून झाड एक, असे होत नाही.

खडकांच्या फटीतून एक प्राणी सारखा डोकावत होता. उंदरासारखा, पण शेपूट नाही आणि कान गोल. तो पिका, सशाचा नातेवाईक. हिवाळ्यात तो झोपून राहत नाही. दगडांच्या सांदीत, बर्फाच्या थराखाली तो जागाच असतो. बर्फ हेच त्याचे पांघरूण. ते पातळ झाले तर कडाक्याची थंडी थेट त्याच्यापर्यंत पोहोचते. उतरताना सप्तरंगी मोनाल पक्षी एकदाच दिसला. भरल आणि हिमबिबट्या आम्हाला दिसणे शक्यच नव्हते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत हिमबिबटे ७१८ भरले, त्यातले १२४ उत्तराखंडात.

आता अतिविष. आमच्यासोबतच्या खेचरवाल्याशी हिंदीत गप्पा सुरू होत्या. त्याने वाटेवरून खाली उतरून नुकती फुटलेली पाने दाखवली. "अतीस है, मैडम जी. बच्चों के पेट की दवा." तिकडच्या आजीबाईही मुलाच्या पोटासाठी तेच उगाळतात! श्रावण-भाद्रपदात त्याला फण्याच्या आकाराची, निळसर-हिरवी, जांभळ्या शिरांची फुले येतात. खरा माल मात्र जमिनीत. तिथे दोन कंद जोडीने असतात, एक यंदाचा आणि एक पुढच्या वर्षासाठीचा. आपण त्यांना आई आणि लेक म्हणू. बी पडून गेल्यावर शरदात आईचा कंद काढला आणि लेक मातीत ठेवली, तर रोप टिकते. पण घाईने, फुले असतानाच उपटले तर आई, लेक आणि बी तिन्ही जातात. बियापासून पुन्हा कंद मिळायला वर्षानुवर्षे लागतात, कारण वाढीचे दिवसच थोडे. मागणी मात्र देशभरातून. आज अतिविष जगाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. केसांच्या तेलातली जटामांसी त्याहून वाईट अवस्थेत आहे.

यावर उपाय चालू आहेत. गढवाल विद्यापीठाचे उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र तुंगनाथाच्या उतारावरच अशा रोपांचा अभ्यास करते. चमोली जिल्ह्यात घेस नावाच्या गावी शेतकरी कुटकीची शेती करू लागले आहेत. कुटकीही याच कुरणांतली, तितकीच कडू. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांत रात्री तंबू ठोकायला बंदी केली आणि माणसांची संख्या २०० पर्यंत ठेवायला सांगितले.

पुष्कळ जण मेंढपाळांना दोष देतात. मला ते तितकेसे पटत नाही. साक्रीकडचे ठेलारी आपल्याला परके नाहीत. पावसाळा संपला की ते मेंढ्या घेऊन निघतात आणि शेतकरी बोलावून आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. हिमालयातही मेंढपाळ उन्हाळ्यात वर जातो, थंडीत खाली येतो. 'फुलों की घाटी' १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई थांबली. पुढे तिथे अमेला नावाचे उंच, दाट वाढणारे रोप इतके माजले की छोटी फुले झाकली गेली आणि वनखात्याला ते उपटत बसावे लागले. चराई बंद झाल्यामुळेच ते माजले, असे काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही कुंपण घातल्यावर असाच वाद झाला आणि शेवटी कुंपण काढले. कास हा टुंड्रा नव्हे, तिथे झाड रुजत नाही ते थंडीने नाही, खडकावर माती नाही म्हणून. पण प्रश्न तोच. चार मेंढ्या चरल्या तर गवत पुन्हा येते. पोते भरून कंद नेले तर काय येणार?

दुसरी काळजी हवेची आहे. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की हवा तापते आहे तसतशी खालची रोपे झपाट्याने वर सरकत आहेत. हिमालयातही काही ठिकाणी झुडपे कुरणात चढताना दिसली आहेत. खालच्याला वर सरकता येते. सर्वांत वर असलेल्याला पुढे फक्त खडक आणि आकाश.

विज्ञान कक्षात अतिविषाचा एक तुकडा काचेच्या बाटलीत ठेवला आहे. मधल्या सुट्टीत पाहता येईल, चाखायचा नाही. आठवीची मुले या महिन्यात उधना आणि पांडेसऱ्याच्या दुकानांत जाऊन एवढेच विचारणार आहेत की त्यांच्याकडचे अतिविष शेतात लावलेले आहे की कुरणातून खणलेले. दुकानदार काय सांगतात ते पुढच्या अंकात छापू.